सुबक व नामनिर्देशित आकृती

मंगळवारी संध्याकाळी सहाचा वर्ग.
डुलुथच्या टेकडीवरचं कॉलेज, तळघरातली प्रयोगशाळा,
उंच खिडकीतून दिसतात फक्त बूट
आणि रस्त्यावर मीठ फेकत जाणारी गाडी.
मी शिकवत नाही. मी मांडते.
चोवीस सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या,
लाकडी काड्यांचा डबा, निळ्या रंगाची बाटली,
जिचा थेंब बोटावर पडला
तर शुक्रवारपर्यंत दुकानातली पोरगी विचारते,
हे काय झालंय.

आज गालाच्या पेशी.
काडी गालाच्या आतून हलकेच फिरवायची, काचेवर टेकवायची,
एक थेंब, वर आच्छादक काच, तिरकी, हळू.
हळू कुणीच ठेवत नाही.

शेवटच्या टेबलावर डेल हॅल्व्होर्सन, वय एकसष्ट.
तीस वर्षं बंदरावर लोहखनिजाची जहाजं भरली,
मग गुडघे गेले, आणि नातीनं विचारलं
माणूस कशाचा बनतो.
उत्तर येईना म्हणून त्यानं फी भरली.
त्यानं एक वर्तुळ काढलं होतं,
कर्कटकानं काढल्यासारखं, कड जाड, काळीभोर.
खाली नीट अक्षरात: पेशी.

तो हवेचा बुडबुडा होता.

दर सत्रात कुणीतरी काढतंच.
मी म्हटलं, डेल, कड इतकी ठाम दिसली
की समजायचं, आत कोणी नाही.
तो म्हणाला, पण दिसलं तेच काढलं ना मी.

गंगाखेडची शाळा. नववी ब. चिद्रवार सर.
सूक्ष्मदर्शक आमच्याकडेही होता, एक,
मुख्याध्यापकांच्या कपाटात, हिरव्या फडक्यात.
तपासणी आली की टेबलावर,
तपासणी गेली की आत.
आम्ही फळ्यावरून काढायचो.
केंद्रक मधोमध. तंतुकणिका शेंगदाण्यासारख्या.
लयकारिका, म्हणजे आत्मघाती पिशव्या,
असं सर म्हणाले की मागचा बाक हसायचा.
रिक्तिकेपाशी मी थोडी रेंगाळायचे,
रिकाम्यालाही कुणी नाव ठेवलं, आत जागा दिली.
पाच गुणांचा प्रश्न.
पाचपैकी पाच मिळाले मला,
कधीच न पाहिलेल्या गोष्टीचे.
आणि डेलला शून्य,
पाहिलेल्याचं.

हे सांगण्यापुरतं इंग्रजी होतं माझ्याकडे.
नाही सांगितलं. दुसरी काच दिली.
उजेड कमी कर, म्हटलं,
फार उजेडात ती विरून जाते.
त्यानं खटका फिरवला, श्वास धरला.
ही माझी? त्यानं विचारलं.
तुझीच. म्हणजे होती.
नऊ वाजले तरी उठेना. शेवटी बसची वेळ सांगावी लागली.

मग मी दिवे अर्धे केले
आणि एक काडी घेतली.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या काचा धुतल्या,
स्वतःची कधी लावली नव्हती.
वेळ नव्हता असं नाही.

एक कड दुमडलेली, पापड भाजताना वळतो तशी.
सर, केंद्रक मधोमध नाही. कोपऱ्यात सरकलंय.
तंतुकणिका या भिंगातून दिसतच नाहीत.
त्या आईकडून येतात, फक्त आईकडून,
पुस्तक सांगतं म्हणून मानायच्या.
आई गेली तेव्हा विमानं बंद होती,
तेव्हाही असंच,
फोनवर सांगितलं म्हणून मानलं.
बाजूला एक पिवळा कण,
दुपारच्या वरणातला असावा.

हजेरीच्या कागदामागे पेन्सिलीनं काढली.
सुबक काही जमली नाही.
नावांच्या रेषा ओढल्या, तीनच,
आणि तिसरीच्या टोकाला लिहिलं: हळद?

काचा ब्लीचच्या पाण्यात टाकल्या.
फळ्याच्या कडेला सूचना:
निळा रंग संपत आलाय, मागवणे.
बाहेर पायऱ्यांवर मीठ करकरलं.
एप्रिलमध्ये रस्त्याकडेचं गवत जळलेलं निघेल,
लोक थंडीला दोष देतील.